हातांना शिकवलेली विद्या
रुग्णालयातील परिचारिका आणि जीवरक्षणाची पहिली मिनिटे

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे नाव निघाले की जुन्या पिढीला विनोबांची आठवण होते. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले आणि प्रकृतीच्या कारणाने १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत त्यांचे वास्तव्य येथेच होते. कताईच्या मजुरीवर माणसाला जगता येते का, याचा प्रयोग त्यांनी याच भूमीवर स्वतःच्या हातांनी करून पाहिला. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच्या दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम उभे केले. ज्यांना समाजाने स्पर्शही नाकारला होता, त्यांच्या जखमा तेथे हातांनी धुतल्या गेल्या. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’चा विचार देशापुढे आला. त्याचे सार असे की जे ज्ञान हातातून जाते तेच अंगी मुरते. केवळ पाठ केलेले ज्ञान प्रसंगी उपयोगी पडेलच असे नाही.

आज याच परिसरात सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन मोठी शिक्षण-रुग्णालये उभी आहेत. दोन्ही ठिकाणी परिचर्येचे शिक्षण दिले जाते. या रुग्णालयांत, तसेच गावोगावच्या लहानमोठ्या दवाखान्यांत रात्रंदिवस उभ्या असणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत नई तालीमचा तो जुना प्रश्न नव्याने विचारावा लागतो. रुग्णाचे हृदय अचानक थांबले तर काय करावे, हे त्यांना ठाऊक आहे काय? आणि ठाऊक असल्यास, ते त्यांच्या हातांना ठाऊक आहे काय?

खाटेजवळ पहिली कोण पोहोचते?

रुग्णालय म्हटले की डॉक्टर डोळ्यांपुढे येतात. परंतु चोवीस तासांतील बहुतेक वेळ रुग्णाच्या सर्वांत जवळ असते ती परिचारिका. डॉक्टरांची फेरी सकाळी होते, संध्याकाळी होते. रात्री दोन वाजता वॉर्डात जागी असते ती सिस्टर. एखाद्या रुग्णाचे नातेवाईक घाबरून ‘सिस्टर, लवकर या’ अशी हाक मारतात, तेव्हा धावत जाणारी तीच असते. डॉक्टर वरच्या मजल्यावर असले तरी त्यांना पोहोचण्यास काही मिनिटे लागतात, आणि येथे हिशेब मिनिटांचाच आहे.

हृदयाची क्रिया बंद पडली की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह थांबतो. प्राणवायूवाचून मेंदूच्या पेशींची हानी साधारण चार ते सहा मिनिटांत सुरू होते. छातीवर दाब देण्यास आणि विजेचा झटका देण्यास उशीर झाला, तर रुग्ण वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटागणिक सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. व्यापारात उशीर झाला तर व्याज चढते. येथे मुद्दलच वितळत जाते. म्हणूनच पहिल्या माणसाच्या हाती असलेल्या या विद्येला ‘बेसिक लाइफ सपोर्ट’, म्हणजेच जीवरक्षणाचे मूलभूत उपचार असे नाव मिळाले. तिला महागडे औषध लागत नाही. प्रारंभी लागतात ते दोन हात, त्यांतील बळ आणि मनाची स्थिरता.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते, घाम येतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही. पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होऊ शकते. परंतु छातीवर दाब द्यावयाचा तो दुसऱ्या अवस्थेत.

विद्या तशी अलीकडची

ही विद्या पुरातन असावी असे वाटते, पण तसे नाही. १५ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई कोसळले. त्यांचे वय अवघे पन्नास होते. डॉ. सुशीला नय्यर तेथेच नजरकैदेत होत्या. स्वतः गांधीजी शेजारी होते. तरीही महादेवभाई गेले. बंद छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत तेव्हा वैद्यकाच्या नित्य व्यवहारात आलेलीच नव्हती.

ती आली १९६० मध्ये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स या संस्थेतील कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी त्या वर्षी आपला निबंध प्रसिद्ध केला. कौवेनहोव्हन हे डॉक्टर नव्हते. ते विद्युत अभियंते होते. त्याच सुमारास पीटर साफर यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध ठरविली, आणि दोन्हींचा मिलाफ होऊन आजचे सीपीआर तयार झाले. सरावासाठी जी बाहुली जगभर वापरली जाते, ती नॉर्वेतील खेळणी बनविणारे ओस्मुंड लेरडाल यांनी त्याच वर्षी घडविली. अभियंता, डॉक्टर आणि खेळणीवाला अशा तीन प्रकारच्या कर्त्या माणसांच्या हातून ही विद्या आकाराला आली.

महादेवभाईंचा अंत पाहिलेल्या सुशीलाबहेनांनी पुढे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचा विस्तार केला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तेथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. ज्या ज्ञानाचा १९४२ मध्ये कोणालाच आधार नव्हता, ते आज तेथील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविता येते. फरक पडला आहे तो एवढा, आणि तो फार मोठा आहे.

क्रम काय आहे?

परिचारिकेने करावयाच्या गोष्टींचा क्रम ठरलेला आहे. प्रथम आजूबाजूला धोका नाही हे पाहावे. रुग्णाच्या खांद्यांवर थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर तत्काळ मदतीसाठी पुकारा करावा. मोठ्या रुग्णालयांत यासाठी ‘कोड ब्लू’ हा संकेत असतो. त्यानंतर मानेतील नाडी आणि छातीची हालचाल एकाच वेळी तपासावी. या तपासणीस दहा सेकंदांहून अधिक वेळ देऊ नये. नाडी नक्की लागते असे वाटत नसेल, तर ती नाही असे समजून दाब सुरू करावा.

दाब द्यावयाचा तो छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर. एका तळहाताची टाच त्यावर, दुसरा हात पहिल्यावर, कोपर ताठ आणि खांदे हातांच्या बरोबर वर. प्रौढ माणसात छाती किमान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे, मात्र सहाच्या पुढे जाऊ नये. गती मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्णपणे वर येऊ द्यावी, कारण त्या क्षणीच हृदयात रक्त पुन्हा भरते. तीस दाबांनंतर अंबू बॅगने दोन श्वास द्यावेत. खंड पडलाच तर तो दहा सेकंदांच्या आत असावा. दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलावी. थकलेल्या माणसाचा दाब उथळ होतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. झटका देणारे यंत्र आले की ते त्वरित जोडावे.

वाचताना हे सोपे भासते. प्रत्यक्षात रुग्ण मऊ गादीवर असतो, खाट उंच असते, नातेवाईक रडत असतात आणि एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असतो.

उणेपणा कोठे राहतो?

परिचर्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थिनी आपल्या अभ्यासासाठी हाच विषय निवडतात. परिचारिकांना प्रश्नावली द्यावयाची, मग पाठ द्यावयाचा आणि पुन्हा तीच प्रश्नावली भरून घ्यावयाची, अशी त्याची रीत असते. शिकविल्यावर गुण वाढतात, हे बहुतेक वेळा दिसते. परंतु कागदावरील गुण आणि हाताचे काम यांत अंतर असते. ‘दाबाची खोली किती?’ या प्रश्नाला अचूक उत्तर देणारी परिचारिका बाहुलीवर तेवढा दाब देऊ शकेलच असे नाही.

चुका होतात त्या ठरावीक जागी. पहिली चूक ओळखण्यातली. हृदय थांबल्यावरही काही रुग्ण काही काळ आचके दिल्यासारखा तुटक श्वास घेतात. त्याला खरा श्वास समजून वाट पाहिली जाते आणि मोलाची मिनिटे निघून जातात. दुसरी चूक नाडी शोधत बसण्याची. तिसरी भिडेची: आपल्या दाबाने बरगडी मोडेल, या भीतीने हात हलका पडतो. बरगडी मोडू शकते हे खरे; पण मोडलेली बरगडी पुन्हा जुळते. चौथी चूक मऊ गादीची: खाली कठीण फळी न सरकविल्याने दाब छातीऐवजी गादीवर जातो. पाचवी चूक आज्ञेची वाट पाहण्याची. ‘डॉक्टर येऊ देत, मग पाहू’ ही सवय अनेक ठिकाणी मुरलेली आहे. कनिष्ठ परिचारिकेला आपण पुढाकार घेतला तर बोलणी खावी लागतील असे वाटते. ही चूक तिच्या ज्ञानाची नसून संस्थेच्या रीतीची आहे, आणि ती दुरुस्त करणे संस्थेच्याच हाती असते.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. वॉर्डातील रुग्णाचे हृदय बहुधा एकाएकी थांबत नाही. त्याआधी काही तास श्वासाची गती वाढते, नाडी बदलते, रक्तदाब उतरतो, रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. श्वास मोजण्यास यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. तरी तक्त्यावर प्रत्येक रुग्णापुढे तोच एक आकडा लिहिलेला आढळतो. जी परिचारिका खरोखर श्वास मोजते, ती कित्येकदा सीपीआरची वेळच येऊ देत नाही. जीवरक्षणाचे ज्ञान तेथूनच सुरू होते.

विद्या गंजते

अमेरिकन हार्ट असोसिएशनचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. परंतु हाताचे कौशल्य तेवढे टिकत नाही. सराव नसेल तर प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच ते ओसरू लागते. बहुतेक वेळा आधी कौशल्य जाते, माहिती नंतर. म्हणूनच वर्षादोन वर्षांतून एकदा मोठे शिबिर घेऊन हार-तुरे देण्यापेक्षा दर महिन्याला दहा मिनिटांचा सराव अधिक फलदायी ठरतो, असा अलीकडचा विचार आहे. वॉर्डातच एक बाहुली ठेवावी, प्रत्येकीने पाळीच्या आरंभी दोन मिनिटे दाब द्यावा, शेजारच्या सहकारिणीने मोजावे. एवढ्याने पुष्कळ साधते.

भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात जीवरक्षणाच्या मूलभूत उपचारांचा स्वतंत्र पाठ समाविष्ट केला आहे. भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने आपल्या देशातील परिस्थिती ध्यानी घेऊन स्वतःची मार्गदर्शक सूत्रे तयार केली आहेत. तेव्हा नव्या पिढीचा पाया पक्का होण्याची आशा आहे. प्रश्न आहे तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकून सेवेत आलेल्या ज्येष्ठ परिचारिकांचा, आणि लहान खासगी दवाखान्यांत अल्प शिक्षणावर काम करणाऱ्या मुलींचा. त्यांच्यासाठी कोणी शिबिर घेत नाही, आणि पाळी सोडून त्यांना बाहेर जाता येत नाही.

विश्वस्तांनी काय विचारावे?

व्यापारी समाज रुग्णालयांशी अनेक नात्यांनी जोडलेला आहे. कोणी विश्वस्त मंडळावर असतात, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ खोली बांधून देतात, कोणी रुग्णवाहिका भेट देतात. खोलीवर नावाची पाटी लागते. प्रशिक्षणावर लागत नाही. म्हणून देणगी इमारतीकडे सहज वळते आणि माणसांच्या तयारीकडे क्वचित. परंतु शंभर खाटांच्या नव्या इमारतीत रात्रपाळीच्या परिचारिकेचे हात तयार नसतील, तर त्या दानाचा एक मोठा भाग निष्फळ राहतो.

पेढी चालविणाऱ्या माणसाला हिशेबाची शिस्त शिकवावी लागत नाही. तीच शिस्त येथे लावता येते. तातडीच्या औषधांची ट्रॉली दर पाळीला तपासली जाते काय, आणि त्याची नोंदवही आहे काय? रोजमेळ रोज जुळवावा लागतो, तशीच ही ट्रॉलीही रोज जुळली पाहिजे. अंबू बॅग कोठे आहे, झटक्याचे यंत्र चार्ज केलेले आहे काय, फळी आणि पायाखाली घेण्याचे स्टूल वॉर्डात आहे काय? पूर्वसूचना न देता घेतलेला सराव शेवटचा कधी झाला? पुकारा झाल्यापासून पहिला दाब पडेपर्यंत किती सेकंद लागले, हे कोणी लिहून ठेवले काय? परिचारिकेने डॉक्टरांची वाट न पाहता दाब सुरू करावा, असे लेखी धोरण आहे काय?

हे प्रश्न दोष काढण्यासाठी विचारावयाचे नाहीत. विचारणारा कोणी आहे, एवढे कळले तरी संस्था जागी होते. सरावाची एक बाहुली ही देणगी एका खोलीच्या तुलनेत फारच थोड्या खर्चाची आहे, आणि तिच्यावर वर्षानुवर्षे शेकडो हात तयार होतात.

घर, दुकान आणि रस्ता

प्रत्येक प्रसंग रुग्णालयात घडत नाही. गादीवर बसलेले वडील, गोदामात पोती मोजणारा नोकर, लग्नमंडपातील पाहुणा यांच्यापैकी कोणीही कोसळू शकतो. तेथे परिचारिका नसते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. तिच्या गाड्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत, प्रगत आणि मूलभूत. इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेले ‘बीएलएस’ म्हणजे यातील मूलभूत प्रकार, हीच ती विद्या. परंतु गाडी कितीही वेगाने आली तरी पहिली चार मिनिटे जवळच्याच माणसाची असतात.

सामान्य माणसासाठी भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने हा क्रम सोपा केला आहे. कोसळलेला प्रौढ हाकेला उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसले, तर १०८ किंवा ११२ वर फोन करण्यास एकाला सांगावे, फोनचा आवाज मोठा ठेवावा, आणि रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध जोरात व जलद दाब देत राहावे. नाडी शोधण्याची गरज नाही. तोंडाने श्वास देण्याचा संकोच असेल तर केवळ दाब दिला तरी चालतो. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये. थकल्यास दुसऱ्याने हात लावावा. लहान मुले आणि पाण्यात बुडालेली माणसे यांची गोष्ट वेगळी; त्यांचा श्वास आधी अडलेला असतो, म्हणून तेथे शिकलेल्या व्यक्तीने श्वासही द्यावा.

चेहऱ्यावर पाणी मारणे, कांदा हुंगविणे, तोंडात पाणी ओतणे, भोवती गर्दी करणे यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे तर घातक आहे.

हे शिकविण्यास परिचारिकेहून योग्य गुरू नाही. समाजाच्या सभागृहात वर्षातून अनेक कार्यक्रम होतात. त्यांतील एका सायंकाळी जवळच्या रुग्णालयातील दोन परिचारिकांना सन्मानाने बोलवावे, बाहुली आणावी आणि दुकानातील नोकरांपासून घरातील सुनांपर्यंत सर्वांनी पाळीपाळीने दाब देऊन पाहावा. दुसऱ्याला शिकविताना परिचारिकेचा स्वतःचा हातही ताजा राहतो. जी एरवी केवळ इंजेक्शन देणारी म्हणून ओळखली जाते, ती त्या संध्याकाळी गुरूच्या जागी उभी राहते, आणि उद्या वॉर्डात डॉक्टरांच्या आधी पुढे होण्याचे बळही तिला तेथून मिळते.

रुग्णालयाच्या पुढील सभेत विषयपत्रिकेवर बांधकाम असेल, खरेदी असेल, हिशेब असतील. त्यांच्याबरोबर एखाद्या विश्वस्ताने एवढेच विचारावे, ‘आपल्या रात्रपाळीच्या सिस्टरनी बाहुलीवर हात शेवटचा कधी ठेवला?’ उत्तरात तारीख मिळाली तर समाधान मानावे. तारीख मिळाली नाही, तर त्याच सभेत ती ठरवावी.